अपुरी स्मृती आणि मागची खोली

ग्रंथालयांत काम करणाऱ्या आपणांसारख्यांपुढे संगणकाच्या स्मृतीविषयी बोलताना मला एक मोठी सोय आहे. जो प्रश्न संगणकाला दर क्षणी सोडवावा लागतो, तो आपण वर्षानुवर्षे हातांनी सोडवीत आला आहात. वाचनकक्षातील मेज लहान असते आणि मागचे ग्रंथभांडार मोठे असते. वाचकाला हवी असलेली सगळी पुस्तके एकाच वेळी मेजावर मावत नाहीत. मग मेजावर काय राहू द्यावयाचे, भांडारात काय परत पाठवावयाचे आणि ते नेमके केव्हा, याचा निर्णय कुणाला तरी करावा लागतो. तो निर्णय चुकला, तर वाचकाचा वेळ वाचण्यात न जाता वाट पाहण्यात जातो. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. लिनक्स ही संगणकप्रणाली हा निर्णय कसा करते, त्यात आपणांस कोठवर हात घालता येतो आणि घालू नये ते कोठे, हे आपण पाहणार आहोत.

हा विषय केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला, आणि नव्या आवृत्तीच्या अटी पुऱ्या न करणारी पुष्कळ धडधाकट यंत्रे एकाएकी जुनी ठरली. अशा यंत्रांवर लिनक्स घालून त्यांना दुसरे आयुष्य देता येते. ग्रंथालयांना तर लिनक्स परकी नाही. १९९९ साली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयासाठी जी ‘कोहा’ नावाची ग्रंथालय-प्रणाली लिहिण्यात आली, ती लिनक्सवर चालते आणि आपल्या देशातील पुष्कळ ग्रंथालये आज ती वापरतात. ज्या ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात नवे यंत्र बसत नाही, तेथे दोन किंवा चार गिगाबाइट स्मृतीचे जुने यंत्र नीट चालणे म्हणजे तालिका चालू राहणे होय. ते अडले की तालिकाही अडते.

प्रथम इतिहासाकडे थोडे वळू. संगणकाच्या प्रारंभीच्या काळात मुख्य स्मृती फार महाग आणि फार थोडी असे. आज्ञावली मोठी झाली की तिचे तुकडे पाडून, कोणता तुकडा केव्हा आत आणावयाचा आणि कोणता बाहेर काढावयाचा, हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे. या कष्टातून मुक्ती देणारी कल्पना मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणली. तेथील ‘ॲटलास’ या संगणकाचे उद्‌घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याच्या मुख्य स्मृतीत १६,३८४ शब्द मावत, आणि तिच्या मागे चुंबकीय ड्रमवर सुमारे ९८,००० शब्दांची जागा होती. स्मृतीचे ५१२ शब्दांचे एकेक पान पाडलेले असे. आज्ञावलीला वाटे की सारी जागा एकच आणि सलग आहे. हवे असलेले पान मुख्य स्मृतीत नसले, की यंत्र आपण होऊन थांबे, ते ड्रमवरून आणी आणि पुढे चालू लागे. कोणते पान बाहेर काढावे याचा अंदाज बांधण्यासाठी पानांच्या पूर्वीच्या वापराची नोंद ठेवणारी एक लहानशी आज्ञावलीही तेथे होती. आजच्या प्रत्येक संगणकाच्या पोटात हीच योजना आहे. केवळ ड्रमची जागा चकतीने घेतली आणि पान बहुधा ४,०९६ बाइटांचे झाले.

ही योजना जशी सोयीची, तशी धोक्याचीही ठरली. एकाच यंत्रावर अनेक आज्ञावली चालू लागल्या, तेव्हा असे दिसून आले की एका मर्यादेपर्यंत सारे सुरळीत चालते आणि मग यंत्र अकस्मात कोलमडते. त्याचा सारा वेळ पाने आत-बाहेर करण्यातच जातो आणि काम जवळजवळ शून्यावर येते. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या दुखण्याची मीमांसा केली. प्रत्येक आज्ञावलीला कोणत्याही कालखंडात काही मोजकीच पाने वारंवार लागतात. त्या संचाला त्यांनी ‘कार्यसंच’ या अर्थाचे नाव दिले. सर्व आज्ञावलींचे कार्यसंच मिळून मुख्य स्मृतीत मावत असतील, तर यंत्र वेगाने चालते. मावत नसतील, तर कोणतीही हुशारी कामास येत नाही. हे वाक्य आपण लक्षात ठेवावे. पुढे मी जे सांगणार आहे त्याची मर्यादा या वाक्याने आखली आहे.

येथे वेगांतील अंतराची कल्पना देणे आवश्यक आहे. मुख्य स्मृतीतील एखादी नोंद वाचावयास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. फिरत्या भागांवाचून चालणाऱ्या एसएसडी साठ्यातून वाचण्यास साधारणपणे १०० मायक्रोसेकंद, आणि फिरत्या चकतीवरून वाचण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. हे आकडे माणसाच्या मापात आणू. स्मृतीतील वाचनास एक सेकंद लागतो असे धरले, तर एसएसडीतून वाचण्यास सुमारे सतरा मिनिटे लागतील आणि फिरत्या चकतीवरून वाचण्यास सत्तावीस तासांहून अधिक. मेजावरचे पुस्तक हात लांबवताच मिळते. तेच भांडारातून आणावयाचे तर शिपाई दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. जुन्या यंत्रावर खिडकी उघडण्यास दहा सेकंद का लागतात, याचे उत्तर बहुतांशी या अंतरात आहे.

आता लिनक्सकडे येऊ. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली ही प्रणाली लिहावयास घेतली. स्मृतीतील पाने चकतीवर ठेवण्याची सोय तिच्यात लवकरच, जानेवारी १९९२ मधील ०.१२ या आवृत्तीत आली. त्या काळी दोन मेगाबाइट स्मृतीची यंत्रेही वापरात होती. म्हणजे अपुऱ्या स्मृतीचा प्रश्न लिनक्सच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे. चकतीवरील या राखीव जागेला ‘स्वॅप’ म्हणतात. आपण तिला मागची खोली म्हणू.

स्वॅपविषयी जो गैरसमज सर्वांत अधिक पसरलेला आहे, तो दूर करण्यासाठी पुन्हा आपल्या मेजाकडे यावे लागेल. अभ्यासकाच्या मेजावर दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक, भांडारातून आणलेली पुस्तके. ही परत पाठविली तरी काही गमावत नाही. पुन्हा मागवता येतात. दुसरा प्रकार अभ्यासकाच्या स्वतःच्या हस्तलिखित टिपणांचा. भांडारात त्यांची दुसरी प्रत नाही. ती मेजावरून उचलावयाची, तर ठेवावयास एखादी पेटी हवी. संगणकाचेही असेच आहे. आज्ञावलीची स्वतःची संहिता, उघडलेल्या फायली ही सारी पाने चकतीवर मुळात असतातच. बदल झालेला नसेल, तर ती नुसती टाकून दिली तरी चालतात. परंतु आज्ञावलीने चालताना निर्माण केलेला मजकूर, म्हणजे उघड्या खिडक्या, अर्धवट टंकलेली पत्रे, चाललेले हिशेब, यांना चकतीवर घर नसते. या दुसऱ्या प्रकारच्या पानांसाठी जी पेटी, तिचेच नाव स्वॅप.

आता विचार करा. पेटीच काढून टाकली तर काय होईल? मेज भरले की टिपणे हलविता येणार नाहीत, मग ती महिनाभर कुणी उघडलेली नसली तरी. हलविता येतील ती केवळ पुस्तके. आणि त्यांत दर मिनिटाला लागणारा शब्दकोशही आला. यंत्र आपल्या चालू आज्ञावलींची संहिताच स्मृतीतून टाकू लागते आणि पुढच्याच क्षणी ती चकतीवरून पुन्हा वाचू लागते. स्वॅप नसताना चकती थांबेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती अधिकच धावते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी ते एका ग्रंथालयाला त्रास देऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एका लहान गावातील ग्रंथालयाने मला बोलावले. यंत्र चार गिगाबाइट स्मृतीचे, चकती फिरती. तक्रार अशी की दुपारनंतर यंत्र मंदावते. मी पाहिले तो स्वॅपचा सहाशे मेगाबाइटांहून अधिक भाग वापरात होता. मला वाटले, गुन्हेगार सापडला. मी स्वॅप बंद केले, आरंभीच्या नोंदीतूनही काढून टाकले आणि यंत्र चपळ झाले म्हणून समाधानाने परतलो. दोन दिवस सारे ठीक होते. तिसऱ्या दिवशी दुपारी देणगीदाखल आलेल्या जुन्या पुस्तकांची यादी तेथील ग्रंथपालबाई एका साध्या मजकूर-संपादकात टंकीत होत्या. न्याहाळकात बऱ्याच खिडक्या उघड्या होत्या. यंत्र ताठरले. चकतीचा दिवा सतत पेटलेला, आणि पडद्यावरचा बाण हलेना. अर्धा तास वाट पाहून अखेर त्यांनी विजेचे बटण दाबले. यादी जतन झालेली नव्हती. दोन तासांचे काम गेले.

मी पुन्हा तेथे गेलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “सर, पूर्वी मंद चालत होते, पण चालत होते.” माझ्या तंत्रज्ञानावर याहून नेमकी टीका कुणी केल्याचे मला स्मरत नाही. त्यांनी ती यादी पुन्हा पहिल्यापासून टंकली. त्या टंकीत असताना मी शेजारी बसून जे आधीच करावयास हवे होते ते केले, म्हणजे मोजमाप केले.

मोजावयाचे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. स्वॅपमध्ये किती पाने पडून आहेत, हा आकडा फारसे काही सांगत नाही. सकाळी उघडलेली आणि नंतर न लागलेली पाने पेटीत गेली असतील, तर ते उत्तमच झाले. मेज मोकळे झाले. पेटीतून सतत ने-आण चालू आहे काय, हे पाहावयाचे. ‘व्हीएमस्टॅट’ नावाची एक साधी आज्ञा लिनक्समध्ये मिळते. तिला दर सेकंदाला आकडे दाखवावयास सांगितले, की ‘एसआय’ आणि ‘एसओ’ अशा शीर्षकांच्या दोन स्तंभांत अनुक्रमे स्वॅपमधून आत येणारा आणि स्वॅपकडे बाहेर जाणारा मजकूर दिसतो. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी सांगते. ती सोडून द्यावी. पुढच्या ओळींत हे स्तंभ बहुतांशी शून्य असतील, तर स्वॅपला दोष देऊ नये. दोन्ही स्तंभांत मिनिटामागून मिनिट मोठे आकडे दिसत असतील, तर डेनिंग यांनी सांगितलेले दुखणे जडले आहे असे समजावे. ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरातही ‘फ्री’ या स्तंभाकडे न पाहता ‘अव्हेलेबल’ या स्तंभाकडे पाहावे. रिकामी स्मृती पडून राहू नये म्हणून लिनक्स तीत फायली साठवून ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. म्हणून ‘फ्री’चा आकडा लहान दिसला तरी घाबरण्याचे कारण नसते.

आता ज्या एका आकड्याविषयी सर्वाधिक सल्ले दिले जातात, त्याकडे वळतो. त्याचे नाव ‘स्वॅपिनेस’. नेहमीची किंमत ६०. पुष्कळांची अशी समजूत आहे की स्मृती ६० टक्के भरल्यावर, अथवा ४० टक्के उरल्यावर, स्वॅप सुरू होते. ही समजूत चुकीची आहे. हा आकडा स्मृती किती भरली याचे माप नव्हे. मेजावर जागा करावयाची वेळ आली असता पुस्तके उचलावयाची की टिपणे, यांतील कल तो ठरवतो. आकडा १०० असेल, तर दोहोंची ने-आण सारख्याच खर्चाची मानली जाते. त्याहून कमी असेल, तर टिपणे हलविणे अधिक खर्चाचे मानून यंत्र पुस्तकांना आधी हात लावते. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.८ या आवृत्तीपासून तो २०० पर्यंत वाढविता येतो. स्वॅपची जागा फायलींच्या साठ्याहून वेगवान असेल, अशा यंत्रांसाठी ही तरतूद आहे. लिनक्सच्या अधिकृत दस्तऐवजात याचा एक हिशेबच दिला आहे: स्वॅप फायलींच्या दुप्पट वेगाचे असेल, तर एकूण २०० चे दोनास एक या प्रमाणात भाग पाडावेत, म्हणजे आकडा सुमारे १३३ येतो.

या आकड्यावर जाणत्यांतही मतभेद झालेले आहेत. लिनक्सच्या गाभ्याचे एक प्रमुख शिल्पकार अँड्र्यू मॉर्टन यांनी २००४ मध्ये असे मत मांडले होते की आज्ञावलींची न वापरलेली पाने स्मृतीत अडवून ठेवणे हा अपव्यय आहे. ती चकतीवर जावीत आणि ती जागा उपयोगात यावी. त्यांचा युक्तिवाद यंत्राच्या एकंदर कामाच्या दृष्टीने बरोबर होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे माणसाच्या दृष्टीने बरोबर होते: जेवून परतल्यावर मी खिडकीवर बोट ठेवतो, तेव्हा ती चकतीवरून येण्याची वाट मला पाहावी लागू नये. आपले यंत्र कुणासाठी आहे, रात्रभर हिशेब करण्यासाठी की समोर बसलेल्या वाचकासाठी, यावर उत्तर अवलंबून राहते.

म्हणूनच फिरती चकती असलेल्या आणि माणसे समोर बसून वापरतात अशा यंत्रावर हा आकडा १० पर्यंत खाली आणण्याचा जो सल्ला सर्वत्र ऐकू येतो, त्यात तथ्य आहे. तथापि तो सर्व यंत्रांना लागू होत नाही. शून्य मात्र सहसा करू नये. २०१२ मधील ३.५ या आवृत्तीपासून शून्याचा अर्थ असा झाला की फायलींची पाने आणि मोकळी जागा मिळून अगदी तळाला लागेपर्यंत यंत्र टिपणांना हातच लावत नाही. म्हणजे पेटी असून नसल्यासारखी होते, आणि मी त्या ग्रंथालयात जो प्रमाद केला त्याच्या जवळपास आपण जाऊन पोहोचतो.

याहून अधिक गुण देणारा एक उपाय आहे. मेजावरचीच टिपणे बारीक अक्षरांत लिहून त्याच मेजाच्या एका खणात ठेवावीत, तसे स्मृतीतील पाने आकुंचित करून स्मृतीतच ठेवण्याची सोय लिनक्समध्ये आहे. तिचे नाव ‘झेडरॅम’. मार्च २०१४ मधील ३.१४ या आवृत्तीपासून ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे, आणि फेडोरा या वितरणाने ऑक्टोबर २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून ती आपण होऊन चालू ठेवली आहे. पाने कित्येकदा निम्म्याहून कमी जागेत बसतात. आकुंचनासाठी प्रक्रियकाला थोडे अधिक काम पडते, परंतु चकतीच्या फेऱ्यांपुढे ते काम किरकोळ होय. अशा यंत्रावर स्वॅपिनेस खाली आणणे चुकीचे ठरते. तो १०० च्या वर नेणेच योग्य. पाहा, एकच आकडा, परंतु मागची खोली कोठे आहे यावर सल्ला अगदी उलटा होतो. म्हणून दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा आपल्या यंत्रावर डोळे मिटून लिहू नये.

त्या ग्रंथालयात मी अखेर काय केले, ते सांगतो. स्वॅप परत आणले. झेडरॅम बसविले आणि त्याला चकतीवरील स्वॅपहून वरचा अग्रक्रम दिला, म्हणजे आधी खण भरावा आणि मगच मागची खोली उघडावी. स्वॅपिनेस १०० वर ठेवला. कारण खणाच्या मागे संथ चकती होतीच. हा बदल प्रथम ‘सिसकंट्रोल’ या आज्ञेने तात्पुरता केला; यंत्र पुन्हा सुरू करताच असा बदल पुसला जातो, म्हणून चूक झाली तरी ती टिकत नाही. आठवडाभर व्हीएमस्टॅटचे आकडे पाहून, ते समाधानकारक वाटल्यावरच, संरचनेच्या फायलीत एक ओळ लिहून तो कायम केला. जुना आकडा कागदावर लिहून भिंतीला लावला. एका वेळी एकच बदल केला. दोन बदल एकदम केले असता गुण कोणत्याचा आणि दोष कोणत्याचा, हे कळत नाही.

आणि हे सारे केल्यावरही महिन्याअखेर, वार्षिक मोजणीच्या वेळी, यंत्र पुन्हा अडखळले. व्हीएमस्टॅटचे दोन्ही स्तंभ भरून वाहत होते. कार्यसंच मावत नव्हता. डेनिंग यांचे वाक्य आठवले. मग मी ग्रंथालयाच्या समितीस लिहून दिले की आणखी चार गिगाबाइट स्मृती बसविणे हाच उपाय आहे, आणि सोबत आठ दिवसांचे आकडे जोडले. समितीने ती मान्य केली. नवे यंत्र मागितले असते, तर बहुधा केली नसती. आकड्यांचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. मोजमापाने यंत्राचा वेग थोडासा वाढतो हे खरे, पण खर्च कोठे अनाठायी होईल आणि कोठे अटळ आहे, हेही त्यानेच सांगता येते.

मित्रहो, आपण जेव्हा आपल्या ग्रंथालयातील मंदावलेल्या यंत्रापुढे बसाल, तेव्हा क्रम असा ठेवा. आधी मोजा. न लागणाऱ्या आज्ञावली आणि न्याहाळकातील जास्तीच्या खिडक्या बंद करा. हा उपाय बिनखर्ची आहे आणि बहुधा सर्वांत गुणकारी आहे. स्वॅप पूर्णपणे काढू नका. स्मृती थोडी असेल, तर झेडरॅम वापरा. आकडा बदलावयाचा तर मागची खोली कोणत्या प्रकारची आहे ते पाहून बदला. एवढे करूनही पाने सतत ये-जा करीत राहिली, तर संकोच न करता स्मृती मागा.

आणि कोणत्याही बदलाला हात घालण्यापूर्वी शेजारी बसून काम करणाऱ्यास विचारा की आपले काम जतन केले आहे ना. हा प्रश्न कोणत्याही संरचनेच्या फायलीत लिहिता येत नाही. मी तो एकदा विचारला नाही, आणि एका व्यक्तीला दोन तास पुन्हा टंकीत बसावे लागले.